डॅशबोर्डवरची घागर

मी बनवलेली पहिली गाडी पहिल्या वळणाच्या पुढं कुणालाच नेता आली नाही.

गाडी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची होती. पुण्यात एका कंपनीत मी शर्यतीचे खेळ बनवायचो. चाक रस्त्याला किती धरतं, ब्रेक मारला की वजन पुढं कसं येतं, वळताना ते बाहेरच्या बाजूला कसं कलतं, हे सगळं गणितात बसवणं माझं काम होतं. तिथं साहेबांशी पटलं नाही. ते म्हणायचे, खेळणाऱ्याला मजा आली पाहिजे, गणित गेलं चुलीत. मी म्हणायचो, गणित चुलीत गेलं तर तो गाडीचा खेळ कसला, तो जत्रेतला पाळणा. एके दिवशी हेच जरा जास्त मोठ्यानं बोललो आणि उदगीरला घरी आलो. आता खेळ बनवायचा तर स्वतःचा आणि खराखुरा, असं डोक्यात पक्कं होतं.

अप्पांच्या किराणा दुकानाच्या मागं आमचं घर. मधल्या खोलीत टेबलाला एक जुनं, कुणीतरी वापरून विकलेलं स्टिअरिंग घट्ट आवळून बसवलं. खाली पेडल होती, ती फरशीवर सरकायची म्हणून एका फळीवर ठोकली. समोर दुकानातली लोखंडी खुर्ची ठेवली. अप्पा एकदा दारातून डोकावले.

"एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी का?"

"हाव," मी म्हटलं.

ते दुकानात जाऊन बसले. आमच्या घरात हट्टीपणा सगळ्यांना वाटून आलाय, त्यामुळं कुणी कुणाला फार समजावत बसत नाही.

ते साल दुष्काळाचं होतं. गल्लीत टँकर यायचा, कधी सांगितलेल्या दिवशी, कधी दोन दिवस उशिरा. आंघोळ मोठ्या परातीत बसून करायची, म्हणजे तेच पाणी पुढं फरशीला आणि संडासाला वापरता यायचं. अप्पा सकाळच्या लिंगपूजेला वाटीभर पाणी घ्यायचे, तेही नंतर दारातल्या कढीपत्त्याला जायचं. पाहुणा आला तर त्याला अर्धाच पेला पाणी द्यायचा रिवाज पडला होता. लागलं तर तो मागून घेईल, पण भरलेला पेला उष्टा राहायला नको. कुणालाही त्यात अपमान वाटत नव्हता. आणि घरात कुणाच्या हातून चुकून पाणी सांडलंच, तर जो बघेल तो फक्त "गेलं" म्हणायचा. रागवायचं नाही, ओरडायचं नाही, एवढा एकच शब्द. मला तर तो शब्द शिवीपेक्षा जास्त लागायचा.

चौकातल्या हॉटेलात मात्र चहाबरोबर एकच विषय असायचा, उदगीर जिल्हा होणार. कलेक्टरची कचेरी कुठल्या जागेवर बसणार, हेही काही जणांनी ठरवून टाकलेलं. जिल्हा झाला की धरणाचं पाणीही येणार म्हणे. हे सगळं अर्ध्या कप चहावर चालायचं, कारण हॉटेलवाल्याकडंही पाणी नव्हतं. तिथलेच चार मित्र मी खेळ दाखवायला घरी आणले.

एकेकानं स्टिअरिंग धरलं, जोरात गाडी सोडली आणि पहिल्याच वळणाला शेतात घातली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा शेतात. मी त्यांना समजावून सांगत होतो की चाकाकडं रस्ता धरायची ताकद ठरावीक असते, ती ब्रेकला खर्च केली तर वळायला उरत नाही, म्हणून आधी वेग कमी करा आणि मग वळा. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा शेतात जायचे. शेवटी एक जण उठला. म्हणाला, "तुझ्या गाडीपेक्षा माझं खटारं बरं हाय रे, घरी तर पोचतं." आणि सगळे निघून गेले. मला खूप राग आला. त्यांचा आला आणि साहेबांचाही आला, कारण पुण्यात बसून ते बरोबर निघाले होते.

मग नाइलाजानं मी मदत घातली. रस्त्यावर निळी रेघ आखली, ती लाल झाली की ब्रेक मारायचा. नाही मारला तर गाडी आपोआप मारणार. चाकं घसरणं बंद केलं. मित्रांना पुन्हा बोलावलं, तर सगळे जिंकले. टाळ्या दिल्या, एकमेकांच्या पाठीत थापा मारल्या. दुसऱ्या दिवशी मी वाट बघत बसलो, पण कुणीही आलं नाही. जिंकून झालं होतं, आता पुन्हा कशाला यायचं?

त्या रिकाम्या खुर्चीवर माझी अक्का येऊन बसली.

अक्का माझी थोरली बहीण. ती एका कापड दुकानात काउंटरवर काम करायची, आणि तिला एसटी चालवायची होती. हे तिचं आजचं नव्हतं. लहानपणी आम्ही मावशीकडं मुखेडला जायचो, तेव्हा अक्का सीटवर कधी बसलीच नाही. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं ते गरम झाकण असायचं, त्यावर बूड भाजत बसायची आणि मुखेड येईपर्यंत ड्रायव्हरच्या पायांकडं बघत राहायची. घरी आल्यावर पाटावर बसून गिअर टाकायची. आम्ही हसायचो. मोठी झाल्यावरही तिनं ते सोडलं नाही, फक्त बोलणं बंद केलं. आधी छोट्या गाडीचं लायसन काढलं, कुणाला न विचारता.

त्या वर्षी सगळीकडं बोललं जात होतं की एसटीत आता बायकांनाही ड्रायव्हर म्हणून घेणार. त्यासाठी अवजड गाडीचं लायसन हवं होतं. आणि वयाची जी अट होती, तिच्यात अक्का बसत होती ती फक्त त्याच भरतीला. पुढच्या भरतीला ती बाद होणार होती. लातूरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिनं नाव घातलं, पण तिथं शिकाऊ ट्रक एक आणि शिकणारे ढीगभर. सुट्टीच्या दिवशी ती लातूरला जायची, तासन्‌तास उन्हात उभी राहायची आणि तिच्या हाती स्टिअरिंग यायचं ते जरासा वेळ. राहिलेला आठवडा ती दुकानात साड्यांच्या घड्या घालत मनातल्या मनात गिअर टाकायची.

म्हणून ती माझ्या खुर्चीवर बसली. माझी मदतीची गाडी तिनं एकदा चालवली, पहिली आली आणि तोंड वाकडं करून माझ्याकडं बघितलं.

"मी गाडी चालवून राहिले का गाडी मला चालवून राहिली?"

"मदत काढली तर तू शेतात जाशील."

"जाईन की. शेत काय लांब हाय का?" ती म्हणाली. "अन्‌ ही लाल रंगाची बुटकी गाडी कामून ठेवलीस? असली गाडी उदगीरात कुणी बघितली का? टँकर टाक. मला मोठी गाडी शिकायचीय."

"टँकरची कुठं शर्यत असते का, अक्का?"

"तू घरात बसून राहतोस, तुला काय ठाऊक? मुखेडच्या रस्त्याला जाऊन बघ."

मी खरंच जाऊन बघितलं. मुखेडच्या रस्त्याला एका विहिरीवर टँकर भरले जायचे. आधी पोचेल त्याचा नंबर आधी, म्हणून टँकरवाले येता-जाता एकमेकांना मागं टाकायला बघायचे. भर दुपारी, धुळीत, जीव खाऊन. एवढी खरी शर्यत मी पुण्यातही बघितली नव्हती. घरी आलो आणि लाल गाडी काढून टाकली. विहिरीपासून उदगीरपर्यंतचा रस्ता बनवला, त्याच्या उतारांसकट आणि खड्ड्यांसकट. टँकर बनवला. आणि टँकरच्या आत पाणी घातलं.

पाणी घातलं आणि खेळ आणखीनच अवघड झाला. टँकर काठोकाठ भरलेला असेल तर पाणी गुमान बसतं. पण अर्धा असेल तर ते आत फिरतं. ब्रेक मारला की पुढं धावतं आणि गाडीला मागून ढकलतं, वळलं की एका बाजूला जाऊन गाडी पाडायला बघतं. त्या साली भरलेले टँकर होते कुठं? विहिरीतच पाणी नव्हतं. म्हणून खेळातला टँकरही अर्धाच. अक्कानं तो पहिल्या दिवशी इतक्या वेळा उलटा केला की शेवटी तीच हसायला लागली. आत काय चाललंय ते तिला कळावं म्हणून मी पडद्यावर बाण काढले, रंगीत पट्ट्या काढल्या, वजन कुठं चाललंय त्याचे आकडे दिले.

"हे बाण बघू का रस्ता बघू?" ती वैतागून म्हणाली. तिचं बरोबर होतं, पण दुसरं काय करावं हे मला सुचत नव्हतं.

सुचलं ते असं. एके दुपारी ती खेळत असतानाच गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला. खेळ तसाच सोडून ती पळाली. मीही दोन बादल्या घेऊन मागं गेलो. परत आलो तेव्हा अक्का माझ्यापुढं होती, डोक्यावर भरलेली घागर. आमच्या घराचं दार अरुंद आहे आणि आत आल्याबरोबर डावीकडं वळावं लागतं. दारापाशी ती थांबली नाही. त्याआधीच, अंगणातच तिची चाल हळू झाली होती. वळताना मान वळली नाही, पाय वळले. घागरीतलं पाणी काठापर्यंत चढलं, जरा थांबलं आणि परत खाली बसलं. आधी वेग कमी करा आणि मग वळा. मित्रांना मी घसा कोरडा करून हेच सांगत होतो, आणि ती ते रोज करत होती. तीच काय, गल्लीतली प्रत्येक बाई करत होती.

त्याच दिवशी मी बाण, पट्ट्या, आकडे, निळी रेघ, सगळी मदत पडद्यावरून काढून टाकली. टँकरच्या डॅशबोर्डवर फक्त एक घागर ठेवली. गाडी कलली की घागरीतलं पाणी कलायचं, काठावरून गेलं की सांडायचं. शर्यत जिंकायची ती नुसती पहिलं येऊन नव्हे. घागरीत जेवढं उरेल तेवढं तुमचं. गणितात मी केसाएवढाही फरक केला नाही. टँकर तेवढाच जड होता आणि तेवढाच बेभरवशाचा. फक्त त्याच्या पोटात काय चाललंय ते आता कुणालाही दिसत होतं.

त्यानंतर आमच्या मधल्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. मित्र आले, शेजारपाजारच्या बाया आल्या, दुकानात साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आत येऊन बसायला लागलं. आमची अव्वा, म्हणजे आई, जी कधी सायकलवरही बसली नव्हती, तिनंही पदर खोचून स्टिअरिंग धरलं. ती दुसऱ्या गिअरच्या वर गेलीच नाही. मागं लोक जांभया देत उभे आणि अव्वा आपली बैलगाडीच्या चालीनं उदगीरकडं निघालेली. पण पोचली तेव्हा घागर जवळजवळ भरलेली. "बघा," ती म्हणाली आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेली. अप्पाही एकदा खेळले, त्याविषयी न लिहिलेलं बरं.

अक्का मात्र खेळत नव्हती, शिकत होती. कामावरून आली की हातपाय पुसायची आणि बसायची. तिचा ब्रेक मऊ होत गेला, वळणं गोल होत गेली. लातूरच्या स्कूलमधल्या उस्तादांनी तिला विचारलं, "बाई, कुठं चालवून राहिलात तुम्ही?" ती म्हणाली, घरी. ती चिडवतेय असं समजून ते हसले. मला तर वाटायला लागलं होतं की मी जिंकलो. खरेपणाही ठेवला आणि सगळ्यांना झेपेल असाही खेळ केला. पुण्याच्या साहेबांना एक फोन करावा असंही दोनदा मनात आलं.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्याबरोबर लातूरला गेलो. मैदानाच्या कडेला दोरी बांधलेली होती, तिच्या अलीकडं मी आणि उस्ताद उभे राहिलो. इन्स्पेक्टर साहेब ट्रकमध्ये अक्काच्या शेजारी बसले. तिनं गाडी काढली, वळवली, मागं घेतली, सगळं सुबक. उस्ताद मान डोलावत होते. शेवटची गोष्ट होती ती अचानक ब्रेकची. पुढं चुन्याची रेघ होती. साहेब डॅशबोर्डवर हात मारणार, त्याबरोबर गाडी जागच्या जागी थांबवायची आणि रेघ ओलांडायची नाही.

ट्रक वेगात आला. वेग कमी होताना दिसला. छान, सावकाश, एका चालीत तो कमी होत गेला आणि ट्रक चुन्याच्या रेघेवरून पुढं जाऊन थांबला. धक्का नाही, आवाज नाही, धूळही फार उडाली नाही. मी आयुष्यात एवढी सुंदर थांबलेली गाडी बघितली नाही.

अक्का उतरून आली. तिचा चेहरा कोरा होता.

"साहेब म्हणाले, बाई, गाडी फार चांगली थांबवलीत. पण पुढं जे लेकरू होतं ते मेलं."

पुन्हा परीक्षा देता येणार होती, पण भरतीची मुदत संपायच्या आत एकदाच. साहेबांवर रागवायला जागा नव्हती. माणूस सरळ होता आणि त्याचं म्हणणं खरं होतं. परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसली. ती म्हणाली, "त्यांनी हात मारला ते मला ऐकू आलं रे. डोकं म्हणालं, दाब. पाय म्हणाला, सांडंल."

"ट्रकमध्ये पाणी नव्हतं, अक्का."

"मला ठाऊक हाय. पायाला न्हाई."

मी दुसऱ्या दिवशी कामाला बसलो. आधी घागर काढून बघितली. घागर नाही म्हटल्यावर अक्काला टँकरचं वजन कळेना, दोन वळणांत उलटला. घागर पाहिजेच होती. म्हणजे घागरीनंच शिकवायचं आणि घागरीनंच शिकवलेलं एका ठिकाणी मोडायचं, असं ते त्रांगडं होतं. मग मी रस्त्यात शेरडं सोडली. न सांगता, कुठूनही आडवी यायची. शेरडू मेलं तर खेळ संपला. आणि नियम घातला की शेरडू वाचवायला ब्रेक मारताना जे पाणी सांडेल ते धरायचंच नाही, घागर पुन्हा होती तेवढी भरणार.

मला वाटलं, झालं. अक्कानं टँकर सोडला, शेरडू आडवं आलं, तिनं पाय ठेवला तो तसाच, बोटांनी, वाटीतलं तूप हलवावं तसा. शेरडू गेलं. पुन्हा खेळली. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा तिनं ब्रेक सोडून स्टिअरिंगच ओढलं आणि टँकर आडवा केला. असे किती तरी दिवस गेले. मी नियम पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिला, सांडलं तरी चालेल. ती वाचायची, मान हलवायची, आणि पाय ऐकायचा नाही. वर्षभर सांडायचं नाही हे ज्या पायानं पाळलं होतं, त्याला मी दोन शब्द लिहून कसा पटवणार होतो? मुदत जवळ येत होती. माझा पारा चढायचा, तिचा चढायचा, आम्ही भांडायचो. एकदा ती म्हणाली, जाऊ दे, साड्यांच्या घड्या काय वाईट आहेत? ते ऐकून मला रडू आलं. तिला दिसू नये म्हणून मी फळीचे खिळे ठोकायला खाली वाकलो.

अव्वा हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून रोज ऐकत होती. त्या दिवशी सकाळीच टँकर येऊन गेलेला, पुढचा कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. अव्वा आत गेली आणि काठोकाठ भरलेली घागर कमरेवर घेऊन बाहेर आली.

"ऊठ," ती अक्काला म्हणाली.

आम्ही दोघंही तिच्या मागं अंगणात गेलो. तिनं घागर अक्काच्या हातात दिली.

"सांड."

अक्काला कळलंच नाही. मलाही नाही. "काय?"

"सांड म्हणते ना. सगळी."

"अव्वा, येडी झालीस का? प्यायचं पाणी हाय."

"मला न्हाई का ठाऊक? मीच भरलंय." अव्वाचा आवाज चढला नव्हता. "रस्त्यात लेकरू आलं तर घागर धरून बसशील का? सांड."

अक्कानं घागर तिरकी केली. पाणी काठाशी आलं आणि तिचे हात थांबले. मी बघत होतो, तिच्या मनगटाच्या शिरा ताणल्या होत्या. तिनं आमच्याकडं बघितलं. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली आणि ओरडली, "अगं बाई, काय करून राहिली ही पोरगी?"

"शिकून राहिली," अव्वा म्हणाली.

अक्कानं डोळे मिटले नाहीत. तिनं दात आवळले आणि घागर एकदम उलटी केली. अंगणात मातीवर पाणी पडलं, पसरलं, आमच्या पायांखाली आलं, आणि बघता बघता जमिनीनं ते पिऊन टाकलं. दुकानातून अप्पा बाहेर आले होते, तेही ओल्या मातीकडं बघत उभे होते. माझ्या तोंडात तो एक शब्द आला होता, तो मी गिळला.

"झालं," अव्वा म्हणाली. "काय झालं? कुणी मेलं का?" आणि रिकामी घागर घेऊन ती आत गेली. अक्का तशीच ओल्या पायांनी खोलीत आली, खुर्चीवर बसली आणि टँकर सोडला. शेरडू आडवं आलं. तिनं पेडलवर असा पाय मारला की खिळे निघाले आणि पेडल फळीवरून उखडून भिंतीला जाऊन लागली. पडद्यावर टँकर नाक खाली करून उभा, घागर पार रिकामी, आणि शेरडू पलीकडच्या कडेला निघून गेलेलं. अक्का हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पेडल मी पुन्हा ठोकली, या वेळी लांब खिळ्यांनी.

पुढचं थोडक्यात सांगतो. खेळ मी पुरा केला आणि विकायलाही ठेवला. फार गाजला नाही. ज्यांनी घेतला त्यांच्यातला एखादा अधूनमधून विचारतो की शेरडासाठी सांडलेलं पाणी का धरत नाही, ही खेळातली चूक आहे का. मी लिहितो, नाही. अक्का एसटीत लागली आणि तिला मुखेडचा रस्ताही मिळाला. उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही, हॉटेलात कचेरीची जागा मात्र तीच आहे. पण मला सांगायचंय ते तिच्या दुसऱ्या परीक्षेच्या दिवसाचं.

मैदान तेच, दोरी तीच, साहेबही तेच. ऊन इतकं होतं की साहेब पाण्याची बाटली घेऊनच ट्रकमध्ये चढले. ट्रक वेगात आला. मला साहेबांचा हात दिसला नाही, पण ट्रकनं एकदम नाक खाली घातलं, चाकं किंचाळली, धुळीचा लोट उठला आणि त्यात काहीच दिसेना. मी दोरीखालून वाकून पुढं पळालो, उस्ताद मागून ओरडत होते. धूळ बसली तेव्हा चुन्याची रेघ पुढच्या चाकांच्या पुढं होती, स्वच्छ, पांढरी.

साहेब उतरले. त्यांचा शर्ट आणि पँट भिजली होती आणि हातात रिकामी बाटली होती. झाकण उघडून ते पिणारच होते, असं नंतर कळलं.

"बाई, माझं सगळं पाणी सांडलं की," ते म्हणाले.

अक्का अजून वर, स्टिअरिंग धरून बसलेली. तिचा श्वास फुलला होता.

"सांडू द्या साहेब," ती म्हणाली. "कुणी मेलं तर न्हाई."

साहेब ओला शर्ट झटकत हसले. "पास आहात तुम्ही," ते म्हणाले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा अव्वा दारातच होती. पास का नापास हे तिनं विचारलं नाही.

"सांडलं का?"

"सांडलं," अक्का म्हणाली. "साहेबांच्या अंगावर."

अव्वा आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. काठोकाठ भरलेला. त्या वर्षात आमच्या घरात कुणाला भरलेला पेला दिलेला मी बघितला नव्हता. अक्कानं तो दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या उभ्याच, घटाघटा प्यायली. हनुवटीवरून पाणी ओघळून फरशीवर पडलं. अप्पांनी बघितलं, अव्वानं बघितलं, मी बघितलं. कुणीही "गेलं" म्हटलं नाही.